दिघ्यांच्या भांड्यांवरचा पांढरा थर

दिघ्यांनी स्टीलची वाटी माझ्यापुढे धरली आणि आतून तिच्यावर बोट ओढलं. पांढऱ्या थरात बोटाची रेघ उमटली.

"ही डिशवॉशरमधून धुऊन निघालेली वाटी आहे," ते म्हणाले. "तुमची दोन माणसं येऊन गेली. पहिल्याने मोटर बदलली, दुसऱ्याने हीटर. तुम्ही काय बदलणार?"

मी म्हणालो, आधी बघतो. खरं तर काय बदलायचं ते सकाळीच ठरलं होतं. आमचे सर्व्हिस मॅनेजर चौकसे यांचा फोन आला होता, "जाधवजी, तीसरी विजिट है, कस्टमर रिप्लेसमेंट माँग रहा है. पीसीबी डालो और कॉल क्लोज करो." पीसीबी म्हणजे मशीनला हुकूम सोडणारी इलेक्ट्रॉनिक पाटी. ती माझ्या बॅगेत होती. पण न मोजता पार्ट टाकायची मला सवय नाही. बावीस वर्षं इंदुरात घरगुती मशिनी दुरुस्त करतोय. पार्ट टाकून पळणारा माणूस परत त्याच घरी येतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

दिघे मूळचे नाशिकचे, पीथमपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीचं काम बघतात. बायपासजवळच्या टाउनशिपमध्ये नवरा-बायको दोघंच. त्या दिवशी ते माझ्यासाठी हाफ डे घेऊन आले होते. त्यांच्या पत्नी, संध्याताई, डायनिंग टेबलाशी बसल्या होत्या. दोन्ही हातांत पांढरे सुती मोजे. मे महिना होता.

डिशवॉशरमधून भांडी पांढरी निघाली की आमचा पहिला संशय पाण्यावर. त्या टाउनशिपमध्ये बोरिंगचं पाणी, त्यात क्षार भरपूर. म्हणून मशीनच्या तळाशी मिठाचा एक कप्पा असतो. ते मीठ भांडी धूत नाही. पाणी मऊ करणारा जो भाग आत असतो, त्याला ते कार्यक्षम ठेवतं. मी पट्टी बुडवून पाण्याचा जडपणा पाहिला. मशीनचं सेटिंग त्याच आकड्यावर होतं. मीठ भरलेलं होतं. दिघ्यांनी सगळं पुस्तकाबरहुकूम ठेवलं होतं.

मग मी लिंबू मागितलं. क्षाराचा थर नुसत्या पाण्याने जात नाही, लिंबाने जातो. इथे लिंबू कापावंच लागलं नाही. ओलं बोट फिरवलं तसा थर निघाला आणि बोटाला बुळबुळीत लागला. म्हणजे तो क्षार नव्हता, साबण होता. मशीनमध्ये घालतात ती साबणाची वडी पुरती विरघळत नव्हती, किंवा विरघळून धुतली जात नव्हती.

मी दार उघडून खालचा रॅक बाहेर ओढला. भांडी लावलेली होती. दिघे म्हणाले, परवापासूनची आहेत, आज संध्याकाळी, स्वयंपाकाच्या आधी, मशीन लावायचं. दोन माणसांच्या भांड्यांनी मशीन दोन दिवसांनी भरतं, आणि पूर्ण भरल्याशिवाय ते चालवायचं नाही, असा त्यांचा नियम होता.

परवापासूनच्या त्या ताटांवर वरणाचा एक ओघळ नव्हता. तळातली जाळी काढली. प्रत्येक घरच्या जाळीत काहीतरी सापडतं. मोहरी, कढीपत्ता, पोह्याचा चुरा. आमच्या इंदुरात तर शेवेचा लगदा हमखास. ही जाळी दुकानातून आणल्यासारखी होती. वास घेतला. वाससुद्धा नव्हता.

आहेत त्या भांड्यांवर ऑटो प्रोग्रॅम लावला आणि घड्याळ पाहिलं. चहा झाला. दिघे बोलत राहिले.

ताईंना कॅन्सर होता. गोळ्यांची कीमो चालू होती. त्या गोळ्यांनी तळहात आणि तळपाय लाल होतात, सोलून निघतात. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गरम पाणी नको, साबण नको, घासाघीस नको. म्हणून दिघ्यांनी डिशवॉशर घेतला. स्वयंपाक तेच करायचे, रात्री भांडीही मशीनमध्ये तेच लावायचे. तरी हात सुधारत नव्हते. दोनदा गोळ्या थांबवाव्या लागल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, हात भरून आल्याशिवाय पुढचा डोस देता येणार नाही. सध्याही गोळ्या बंदच होत्या.

"हे रोज माझे हात तपासतात," ताई मला म्हणाल्या. "क्वालिटीवाले ना. अजून पास केलं नाहीये."

दिघे हसले नाहीत. "मशीन नीट चाललं तर निदान एक काळजी जाईल," ते म्हणाले. "भांडी अशी निघतात, मग मी ती परत विसळत बसतो. मला बघून ही उठते."

प्रोग्रॅम एक तास वीस मिनिटांत संपला. त्या मॉडेलला दोन तासांच्या वर लागायला हवेत. पाणीसुद्धा हवं तेवढं तापलं नव्हतं. पण यात पार्टचा दोष नव्हता. ऑटो प्रोग्रॅममध्ये एक सेन्सर असतो. तो पाण्यातून उजेड पाठवून पाणी किती गढूळ झालं ते बघतो. गढूळ दिसलं तर मशीन जास्त वेळ, जास्त गरम धुतं. स्वच्छ दिसलं तर त्याला वाटतं काम झालं, आणि ते लवकर आटोपतं. मग साबणाची वडी अर्धवट राहते आणि भांड्यांवर बसते.

तेवढ्यात कारखान्यातून फोन आला आणि दिघे बाल्कनीत गेले. मी ताईंना विचारलं, "ताई, ही भांडी आत ठेवायच्या आधी कोणी धुतं का?"

त्यांनी आधी बाल्कनीकडे पाहिलं.

"आत ठेवायच्या आधी नाही. नंतर," त्या म्हणाल्या. "सकाळी यांची बस गेली की मी सगळी बाहेर काढते, धुते, पुसते, होती तशी परत लावते."

"गरम पाण्याने?"

"तेलकट असतात ना. गार पाण्याने कशी निघतील?"

मी विचारलं, पण कशासाठी.

"घरात खरकटं ठेवून देवाला दिवा लावायचा मला जमत नाही. दार बंद असलं तरी ते आत आहे हे मला माहीत असतं. मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे हो, मला कळतं सगळं. पण सध्या मी देवाकडे काहीतरी मागतेय. मागणाऱ्याने खरकट्या घरात उभं राहून कसं मागायचं?"

मग त्या म्हणाल्या, "यांना सांगू नका."

मला ते करता आलं असतं. ऑटोऐवजी इंटेन्सिव्ह प्रोग्रॅम कायम लावून ठेवायचा. मशीन सेन्सर न बघता पूर्ण वेळ चालतं, पांढरा थर जातो, तक्रार मिटते. मी ताईंना तसं सांगितलं. आणि हेही सांगितलं की त्याने भांडी सुधारतील, हात नाही सुधारणार.

दिघे आत आले. उभ्यानेच विचारलं, "सापडला फॉल्ट?"

"मशीनमध्ये फॉल्ट नाही," मी म्हणालो. "त्याला धुवायला काही मिळतच नाहीये. आतली भांडी आधीच धुतलेली आहेत."

"शक्य नाही. रात्री मी स्वतः लावतो, खरकटी." एवढं बोलून ते थांबले. क्वालिटीचा माणूस. पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी बायकोच्या हातांकडे पाहिलं.

"सकाळी काढते मी," ताई म्हणाल्या. "तुमची बस गेली की."

"डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या, तेव्हाही?"

"तेव्हाही."

मला वाटलं ते चिडतील. ते ओट्याला टेकून खाली बसले, मशीनच्या उघड्या दाराशी. तिथूनच त्यांनी मला विचारलं, रोज रात्री अर्धं रिकामं मशीन लावलं तर चालेल का.

"चालेल. का नाही चालणार?"

"पुस्तकात फुल लोड लिहिलंय."

"ते पाणी वाचवायला. एका वेळेला दहा-बारा लिटर लागतं, बस."

"दहा लिटर," ते म्हणाले. ताईंनी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, मोज्यातला. मी अवजारं आवरायला घेतली.

जायच्या आधी सगळं ठरवून दिलं. जेवण झालं की ताटातलं उरलंसुरलं कचऱ्याच्या डब्यात टाकायचं, भांडी न विसळता लावायची आणि लगेच मशीन चालू करायचं, दोन वाट्या असल्या तरी. सकाळी दिवा लावायच्या वेळी घरात खरकटं नाही. ताईंनी दोनदा विचारलं, रात्रीच होतील ना सगळी? मी म्हणालो, होतील.

खाली येऊन चौकसेंना फोन केला.

"पीसीबी डाला?"

"नहीं डाला."

"फिर क्या किया भिया?"

"टाइम बदला," मी म्हणालो. त्यांना वाटलं मी मस्करी करतोय.

नंतर मी फोन करून विचारत राहिलो. थर पहिल्याच आठवड्यात गेला. हात भरून यायला महिना लागला. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पावसाळा बरा गेला. दिवाळीच्या सुमाराला आजार यकृतात पोचल्याचं कळलं. संक्रांतीनंतर ताई गेल्या.

मार्चमध्ये दिघ्यांचा फोन आला. ते नाशिकला परत चालले होते, मशीन काढून द्यायचं होतं. मी स्वतः गेलो. पाइप काढले, तळातलं पाणी उपसलं, नळाला बूच लावलं. ते शेजारी उभे होते. मग त्यांनी विचारलं, "जाधव, पहिल्याच विजिटला तुम्ही आला असतात, तर?"

पहिल्या विजिटपासून माझ्यापर्यंत नऊ आठवडे गेले होते. तो आकडा त्यांनाही माहीत होता आणि मलाही. मी म्हणालो, डॉक्टरांना विचारा. ते म्हणाले, विचारलं, डॉक्टर म्हणतात सांगता येत नाही. मी म्हणालो, मलाही सांगता येत नाही.

आमच्या धंद्यात मशीन काय करतं ते बघायला शिकवतात. मशीनमध्ये काय जातं ते कोणी बघत नाही. आता डिशवॉशरच्या कॉलवर मी बॅग उघडण्याआधी विचारतो, भांडी आधी विसळता का? लोक सहज सांगतात, हो, थोडी विसळतो. मग मी विचारतो, कोण विसळतं? याला उत्तर यायला वेळ लागतो. तोवर मी थांबतो.