डोंगर बघायला निघालेला तांडेल

बाबा गेल्याचं मला आईंनी फोनवर सांगितलं. मी विरारला शाळेच्या ऑफिसात होते, मधली सुट्टी नुकतीच संपली होती. "तुजे बाबा गेले गो... ये," एवढंच त्या म्हणाल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई, बाबा म्हणजे सासरे. पण त्या 'हे गेले' म्हणाल्या नाहीत, 'तुजे बाबा' म्हणाल्या. अर्नाळ्याच्या बसमध्ये बसून मी ते दोनच शब्द घोळवत राहिले. श्रावणातली ती दुपार. मग गणपती आले नि गेले, नवरात्र झालं, आणि आता कुठे त्यांच्याविषयी लिहायला हात धजतो आहे.

बाबा तांडेल होते. बोटीवरची सगळी माणसं ज्याच्या शब्दावर चालतात, तो तांडेल. उभं आयुष्य पाण्यावर काढलं. गुडघे बोलायला लागल्यावर त्यांनी बोट पुतण्याच्या हाती दिली आणि किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करत बसू लागले. बोलणं कमी, आवाज मात्र खणखणीत, वाऱ्यावर ओरडायची सवय असलेला. घरात साधं मीठ मागितलं तरी शेजारच्या घरातून कुणीतरी विचारायचं, काय झालं म्हणून.

लग्नाला चार वर्षं झाली असताना माझा नवरा महेश गेला. छत्तिशीतला माणूस, संध्याकाळी छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. आम्हाला मूलबाळ नव्हतं. माझं माहेर जूचंद्रचं. महिनाभराने माझे वडील मला न्यायला आले. मला जायचंही नव्हतं आणि राहायचंही नव्हतं. बाबा त्यांना म्हणाले, "व्याही, तिला जायचं असल तर आमी अडवनार नाय. पन रडत नको जायला. जरा हसू दे, मग ती ठरवील." वडील एकटेच परत गेले. मी मात्र नोकरीवर जायचं आणि घरी येऊन खोलीत बसायचं, एवढंच करत होते. बाजारात गेलं की बायका बोलायच्या थांबत. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, पण ती कणव अंगावर ओलं कापड टाकल्यासारखी वाटे.

असा आश्विन आला. त्या वर्षी घरात सण नव्हता. गल्लीत गरब्याची गाणी वाजत होती आणि मी दार लावून बसले होते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाबांनी दारावर थाप मारली. "उद्या जव्हारला जाऊ. कपडे घे दोन दिवसांचे."

"जव्हारला कोण आहे आपलं?"

"कोन नाय. म्हनूनच जायचं."

आईंना त्यांनी विचारलं, पण वलांडीवर बोंबील वाळत टांगलेले होते, ते सोडून त्या येणं शक्य नव्हतं. मग मी आणि बाबा, दोघंच एसटीने निघालो. मनोर मागे पडलं, विक्रमगडनंतर घाट सुरू झाला आणि बाबांनी पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली. बाहेर भात पिवळं पडलं होतं, उतारांवर सोनकीची फुलं पसरली होती, हवा धुवून ठेवल्यासारखी स्वच्छ. मी कितीतरी महिन्यांनी बाहेर बघत होते. बाबा मात्र डोळे मिटून बसले होते.

तिथल्या सूर्यास्ताच्या जागेवर गेल्यावर उलगडा झाला. कठड्याच्या बऱ्याच अलीकडे त्यांनी जमिनीवर बसकण मारली आणि ते पुढे येईनात. वादळातून बोट आणलेला हा माणूस उंचीला घाबरत होता. मी म्हटलं, "बाबा, समुद्र याहून खोल असेल की."

"असंल. पन त्याचा तल दिसत नाय ना. हितं सगलं दिसतं." मग जरा वेळाने म्हणाले, "तू जा पुढं. बघ आनि मला सांग काय दिसतं ते." मी कठड्याशी उभी राहून दरी, खालचे पाडे, चुलींचा धूर, एकेक त्यांना मोठ्याने सांगत राहिले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. इतकं सलग मी महेश गेल्यापासून बोललेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी आमच्या खाणावळवाल्या बाईंनी त्यांच्या पाड्यावर बोलावलं. तारपा, भोपळ्याचं ते लांब वाद्य, वाजत होता. मधोमध वाजवणारा, आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफलेली माणसांची साखळी, त्याच्या पावलाबरोबर वळणारी. मी बाजूला उभी होते. एका म्हातारीने काही न विचारता माझा हात धरला आणि मला ओढलं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. चार-दोन फेऱ्यांत पाऊल बसलं. मी रडत होते आणि नाचत होते, आणि तिथे कुणालाच त्याचं काही नव्हतं... साखळी वळली तेव्हा पाहिलं, तर दुसऱ्या टोकाला गुडघे सांभाळत बाबाही चालले होते.

गावातलं कुणीतरी तिथे सुट्टीला आलं होतं, त्याने व्हिडिओ काढला. आम्ही पोचायच्या आत तो अर्नाळ्यात फिरला होता. दुसऱ्याच सकाळी बाबांच्या थोरल्या बहीण आल्या. ओट्यावर बसूनच त्यांनी सुरुवात केली. वरीस झाला नाय पोराला, आनि सून नाचते, लोक तोंडात शेन घालतात आमच्या. मी आत भिंतीशी उभी होते. आता बाबा काय म्हणतात, यावर माझं या घरातलं राहणं अवलंबून आहे असं मला वाटलं.

"अक्का, मी बी नाचलो," बाबा म्हणाले. "माजा पोरगा गेला. आदी मला इचार."

आईंनी अक्कांपुढे चहा ठेवला. त्यांनी तो प्यायला नाही, पण उठूनही गेल्या नाहीत. त्या दिवशी मी ठरवलं, राहायचं. जूचंद्रला फोन करून वडिलांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "आवाज बरा वाटतोय तुझा."

त्यानंतर दर आश्विनात आम्ही एखादं लहानसं डोंगरगाव गाठू लागलो. कधी भंडारदऱ्याच्या बाजूला, कधी तोरणमाळला. दोनदा थेट हिमाचलला. नग्गरजवळच्या एका गावात छपराछपरांवर मक्याची कणसं वाळत घातली होती, नारिंगी नुसती. बाबांनी हात लावून पाहिला आणि घरमालकाला मराठीतच सांगितलं, "पलटायला पायजेत, खालून ओली हायत." त्या माणसाला काय कळलं कुणास ठाऊक, त्याने खरंच पलटली. संध्याकाळी ढोल-नगाऱ्यात देवाची पालखी आली, डोलत, वाकत. बाबा हात जोडून म्हणाले, "लाटंवर हाय बघ पालखी."

हिमाचलातल्याच बीरला आकाशात पॅराग्लायडिंगच्या रंगीत छत्र्या तरंगत होत्या. मला उडायचं होतं, पण विचारायला जीभ रेटेना. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहून ओळखलं. "जा," म्हणाले, आणि स्वतः उतरायच्या मैदानात गवतावर बसले. वर गेल्यावर मला पिवळी भातशेतं, चहाचे मळे, मागे बर्फाची रांग असं सगळं दिसलं, पण डोळे खाली बाबांची पांढरी टोपी शोधत होते. मी खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला, ओठ कोरडे. मला वाटलं, भीती वाटली का विचारतील. त्यांनी विचारलं, "वर वारा कुठला व्हता?" मला सांगता आलं नाही. "पुढल्या वक्ताला ध्यान दे," ते म्हणाले.

गेल्या वर्षी त्यांचं चालणं थांबलं. फुप्फुसं थकली होती. मी रजा टाकलीच नव्हती, तर रागावले. "मी नाय, म्हनून तू पन नाय, ह्यो कुठला हिशेब?" म्हणून मी पहिल्यांदा एकटीच गेले, जव्हारलाच. परत आल्यावर रोज संध्याकाळी बाहेरच्या खोलीत त्यांच्या पलंगापाशी बसून थोडं थोडं सांगायचे. ते डोळे मिटून ऐकत. मध्येच म्हणत, "थांब, घाईत नको." एकदा बोलता बोलता मी म्हटलं, "बाबा, तुम्ही नेलं नसतं तर..." त्यांनी हात उचलून मला थांबवलं. पुढचं वाक्य त्यांना नको होतं. ते इथे पुरं करते. नेलं नसतं, तर मी जगले असते, पण कशी, ते आठवूनही भीती वाटते.

या दसऱ्यालाही मी जाऊन आले. ते नसलेल्या घरी परतले तेव्हा बाहेरच्या खोलीत जायचं जिवावर आलं होतं. पलंग तसाच होता, चादर मात्र धुतलेली. गेल्या वर्षी मी बाबांना सांगत असताना आईही स्वयंपाकघरातून ऐकत असतील, हे मी कधी मनातही आणलं नव्हतं. त्या हात पुसत बाहेर आल्या, पलंगाच्या कडेला टेकल्या आणि मला समोरची खुर्ची दाखवली.

"बस. आदी चा घे," त्या म्हणाल्या. "मग पयल्यापासून सांग."