नोराचं आयरिश गाणं

मित्रानं मस्कतहून आणलेला लोबान काल बायकोनं घरात जाळला, आणि मला तिथल्याच अल हैल भागाजवळच्या हॉटेलातली एक दुपार आठवली.

मी तिथं साउंड सांभाळायचो. नोरा आयर्लंडची लोकगायिका, गाणीही स्वतःच रचायची. तरुणपणी तिच्या दोन रेकॉर्ड गाजल्या होत्या, मोठमोठ्या सभागृहांत कार्यक्रम झाले होते. साठीत मात्र ती हिवाळाभर आमच्या हॉटेलात पाहुण्यांच्या फर्माइशी गायची. स्वतःची गाणी कधीच नाहीत. "ती खलास," असं हसून म्हणायची.

त्या सकाळी दादाचा चिपळूणहून फोन आला. आई गेली होती. विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. खोलीवर बसून काय करायचं ते सुचेना, म्हणून मी कामावर आलो आणि वायरी जोडायला लागलो.

"आज गप्प का?" माइकसमोर बसत नोरानं विचारलं.

मी सांगितलं. रिकाम्या हॉलमध्ये लोबानाचा धूर तरंगत होता. तिनं गिटार जुळवली. "हे माझ्या आईवरचं," एवढंच म्हणाली आणि तिच्या भाषेत गायला लागली. मला एकही शब्द कळत नव्हता. वरच्या सुरात तिचा आवाज फाटायचा, मी बटण फिरवून सावरायचो. माझ्या आत काहीच हलत नव्हतं.

"ठीक आलं?"

"बेस थोडा जास्त होता, मॅडम."

तिनं मान डोलावली आणि तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. कितीतरी वर्षं मला वाटत होतं, ती साउंड तपासत होती.