आनंदनगरात टाकी बसली

कात्रपच्या घरून निघालो तेव्हा ऊन कोवळं होतं. नवरा स्कूटर चालवत होता, मागे मी, खांद्याला ड्रॉइंगची नळी. नव्वदीची सुरुवात होती. दोघांनीही कारखान्यातल्या नोकऱ्या सोडून दुसऱ्यांच्या मालाची ड्रॉइंग्ज घरच्या पुढच्या खोलीत काढून द्यायला घेतली होती. उल्हासनगरचे एक सिंधी शेठजी आमचं पहिलं गिऱ्हाईक. ते कारखान्यांसाठी लोखंडी टाक्या बनवायचे. आमच्या ड्रॉइंगवरून बनलेली पहिली टाकी त्या दिवशी आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात बसायची होती.

उल्हासनगरात पोचलो तर टाकी ट्रकवर चढलेली. शेठजींनी आम्हाला दाल-पकवान (चण्याची डाळ आणि कडक तळलेली पुरी) खायला घातलं, स्वतः मात्र नुसता चहा घेतला. घरी बसून काढलेल्या कागदावरून आपला माल परक्याच्या जागेत कसा बसणार, असं त्यांनी सुरुवातीलाच विचारलं होतं. म्हणून मी रंगाच्या कारखान्यात जाऊन टाकीसाठी बांधलेला पाया स्वतः मोजून आले होते. तरीही पकवान खाता खाता मी मापं पुन्हा मनात तपासत होते.

ट्रकच्या मागे धूळ खात आम्ही अंबरनाथ ओलांडलं. वालधुनी नदीच्या पुलावर केमिकलच्या वासाने नाकाला पदर लावला. पुढे मलंगगडाचा धुरकट सुळका दिसला आणि जरा बरं वाटलं.

आनंदनगरात क्रेनने टाकी अलगद पायावर उतरवली. पायात रोवलेले चारही बोल्ट टाकीच्या तळाच्या भोकांतून वर आले. नवऱ्याने माझ्याकडे बघून मान हलवली. एवढ्यात कारखान्याचे इंजिनिअर म्हणाले, टाकीच्या पाइपचं तोंड तर भिंतीकडे आलंय, पंप या बाजूला आहे. त्यांनी तोंड कापून दुसरीकडे वेल्डिंग करायला सांगितलं. गॅस कटरवाला पुढे आला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी जमिनीवर ड्रॉइंग पसरलं, कोपऱ्यांवर दगड ठेवले. बोल्ट सारख्या अंतरावर होते, त्यामुळे टाकी चारही बाजूंनी बसू शकत होती. ड्रॉइंगमध्ये तोंड पंपाकडेच होतं; क्रेनवाल्याने टाकी पाव फेरा चुकवून ठेवली होती.

"शेठजी, कापू नका," मी म्हटलं. "उचला आणि पाव फेरा फिरवून परत ठेवा."

"बाई, पक्का ना?"

"पक्कं."

शेठजींनी कटरवाल्याला हाताने मागे सारलं आणि क्रेनला खूण केली. टाकी वर गेली, हळूहळू फिरली, खाली आली. तोंड पंपाच्या अगदी समोर आलं. मी तिथेच सिमेंटच्या गोणीवर बसले.

निघताना शेठजींनी ट्रकच्या केबिनमधून जुन्या ड्रॉइंग्जचा गठ्ठा काढून माझ्या हातात दिला. आजवर ते वर्कशॉपबाहेर एकही कागद जाऊ देत नव्हते. "घरी घेऊन जा. सगळी नवीन काढायची आहेत," एवढंच म्हणाले.

घराजवळचं कुळगाव येईपर्यंत नवरा गुणगुणत होता, मला मात्र एकच गोष्ट आठवत होती. टाकी दुसऱ्यांदा वर उचलली गेली तेव्हा ती नीट बसेल की नाही हे शेठजींना ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी माझं ऐकलं होतं.