आधी जेल, वरून गुडाखू

माझ्या सासूबाई, रुख्माबाई, बिरसी गावात धानाची रोवणी करता करता म्हाताऱ्या झाल्या आणि गुडाखू घासता घासता त्यांचं तोंड बंद होत आलं. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाची काळी पेस्ट. चिखलात उतरण्याआधी आमच्याकडच्या बाया शेताच्या धुऱ्यावर बसून ती बोटाने दातांवर घासतात. मग दिवसभर वाकलं तरी कंबर दुखत नाही म्हणे.

तोंडाची आग होऊन भाजी खाववेना, तेव्हा मी आणि माझा नवरा प्रफुल त्यांना गोंदियाला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी आत टॉर्च मारून पाहिलं. "गुडाखू आजपासून बंद. नाहीतर तोंड उघडणंच थांबेल." आग कमी व्हायला जेलची ट्यूब लिहून दिली.

दुसऱ्या सकाळी सासूबाईंनी बोटभर जेल घेतलं, डोळे मिटून खसाखसा घासलं, थुंकल्या आणि चूळ भरली.

"आई, काऊन थुकता? हे पेस्ट नोहे. घासाचं नाही, लावून ठेवाचं."

"लावून ठेवलं तं दात कसे साफ होतीन?"

पेस्ट घासून थुंकायची, जेल गालात तसंच विरू द्यायचं, एवढं त्यांच्या गळी उतरवताना मी मेटाकुटीला आले. चिडले, ओरडले, शेवटी रोज स्वतःच लावून देऊ लागले. आग थांबली. त्या भाजी खाऊ लागल्या. मला वाटलं, जिंकले.

मग एका दुपारी त्या न्हाणीमागे दिसल्या. गालात जेल, बोटावर गुडाखू.

"हे का करून राहिल्या, आई?"

"तुयं औषध मस्त आहे बाई," त्या खुशीत म्हणाल्या. "अगुदर लावलं का मंग गुडाखू झोंबतच नाही."

माझं डोकं फिरलं. गुडाखूची डबी हिसकावून उकिरड्यावर फेकली. संध्याकाळी दुसरी आली. पानठेल्यावर मिळते, किती फेकणार? प्रफुल म्हणाला, "मायची आदत आहे, का करू?" मी जेल आणणं बंद केलं, तर साधा वरणभातही त्यांना सोसेना. गुडाखू मात्र रडत रडत घासायच्या. हरले मी. जेल पुन्हा सुरू केलं.

काल ट्यूब संपली. भाताचा घास तोंडात जाईना म्हणून त्यांनी तो अर्धा केला. तोही जाईना. मग शितं ओठांतून आत ढकलत म्हणाल्या, "हर्षा, ट्यूब आणजो बाई."

आज आणली. लावायला गेले तर माझं बोट आत शिरेना. करंगळीने लावलं आणि त्यांनी डबी काढायच्या आत तिथून उठले.