सरांची खुर्ची कडुलिंबाखाली

आमचे गणिताचे सर चूक दाखवत नसत. वही पुढे केली की ते चष्मा कपाळावर सरकवून गणित ओळीओळीने वाचत, आणि जिथवर ते बरोबर आलेलं असे त्या शेवटच्या ओळीशेजारी पेन्सिलीने एक ठिपका देत. "इथपर्यंत बरोबर हाय बघ. आता हितनं पुढं चल." बस्स. फुली नाही, लाल रेघ नाही. कोरं पान घेऊन गेलेल्याला मात्र ते परत पाठवत. "आधी चुकून ये. चुकल्याबिगर मी ठिपका कुठं देऊ?"

हे सगळं चाले ते लातूरच्या आमच्या कॉलेजच्या आवारात, कडुलिंबाखाली. तास संपले की सर तिथे खुर्ची टाकून बसत. म्हणून त्यांचं नाव लिंबाखालचे सर.

भूकंप झाला त्या वर्षी मी अकरावीला होतो, चाकूरहून नुकताच आलेला. कॉलेज पुन्हा सुरू झालं, पण छताखाली बसायला कोणी धजेना. एखादा बाक खडखडला तरी अख्खा वर्ग दाराकडे पळायचा. तेव्हा सगळ्याच प्राध्यापकांनी खुर्च्या बाहेर काढल्या होत्या. हळूहळू धीर आला, खुर्च्या आत गेल्या. सरांची तेवढी राहिली. शिपाई चाँदभाई विचारायचे, "सर, कुर्सी अंदर लेऊं क्या अब? जमीन तो कब की चुप हो गई." सर म्हणायचे, "जमीन गप झाली चाँदभाई, पण पोरं आत्ता कुठं बोलायला लागलीत."

हे खरं होतं. स्टाफरूमला दार होतं, आणि दाराशी उभं राहून 'मे आय कम इन सर' म्हणावं लागे. तेवढं एक वाक्य माझ्या घशातून कधी धड निघालं नाही. दोनदा मी दारापर्यंत जाऊन, चपला वाजू न देता परत फिरलो होतो. लिंबाला दार नव्हतं. जवळून जायचं, जरा रेंगाळायचं, सर मान वर न करता म्हणत, "उभा का? बस की. कुठं अडलं?" माझ्या बारावीच्या वह्यांत त्यांचे किती ठिपके असतील कोण जाणे. महिन्यामहिन्याला ते पानावर खाली खाली सरकत गेले, आणि एक दिवस शेवटच्या ओळीशी येऊन थांबले. त्या दिवशी सरांनी चाँदभाईंकडून दोन चहा मागवले.

पुढे त्याच कॉलेजात, त्यांच्याच विभागात मी लागलो. तोवर लातूरचं रूप पालटलं होतं. गल्लोगल्ली क्लासेस, भिंतींवर गुणवंतांचे फोटो, एसटी स्टँडवर ट्रंका घेऊन उतरणारी पोरं. स्टाफरूममध्ये सरांची थट्टा चाले. "लिंबाखालचं दुकान बरंय राव, बोर्ड न्हाई का भाडं न्हाई!" सरही हसत. "गिऱ्हाईक बी सगळं उधारीचं," म्हणत. मी पहाटे एका क्लासमध्ये शिकवत होतो. नियमात ते बसत नव्हतं, म्हणून क्लासच्या बोर्डावर माझं नाव नव्हतं. सरांना ठाऊक असावं. कधी बोलले नाहीत.

एकदा औशाहून एका विद्यार्थ्याचे वडील ज्वारीचं पोतं घेऊन आले, थेट लिंबाखाली. मुलगा पास झाला होता. सर हात जोडून म्हणाले, "हे फी घेतल्यासारखं होतंय पाटील. माघारी न्या." ते म्हणाले, "यष्टीत भांडून आणलंय सर. माघारी कोणत्या तोंडानं नेऊ?" शेवटी सर माझ्याकडे वळले. "तुझी स्कूटर काढ. होस्टेलच्या मेसमध्ये टाकून ये. माझं नाव सांगू नको." मी पोतं पायांमध्ये धरून नेलं आणि मेसच्या दारात ठेवलं.

कोणीतरी लिंबाखालचं पोतं पाहिलं होतं, पुढचं पाहिलं नव्हतं. पंधरा दिवसांत निनावी अर्ज आला : सर आवारातच खासगी शिकवणी घेतात, धान्याच्या रूपात मोबदला घेतात. चौकशी समिती बसली. विभागातला म्हणून मलाही बोलावणं आलं. आदल्या दिवशी आमच्या क्लासचे मालक मला म्हणाले, "उद्या जपून बोला. शिकवणीचा विषय निघाला की तुमचंही निघंल."

समितीपुढे सर शांत होते. "पोतं मेसला गेलं," ते म्हणाले. "हेच घेऊन गेले होते. विचारा त्यांना." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जसं वहीकडे पाहत, तसंच.

प्राचार्यांनी विचारलं, "तुम्ही नेलं होतं?"

मी म्हणालो, "मला तसं काही आठवत नाही, सर."

सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. बाहेर पडताना मला आधी जाऊ दिलं.

पुरावा नाही म्हणून सरांची नोकरी वाचली. पण आदेश निघाला. विद्यार्थ्यांनी भेटायचं ते विभागातच, वेळ ठरवून. चाँदभाईंनी खुर्ची उचलून आत नेली. सर दाराला वीट लावून दार सताड उघडं ठेवत. पण दार ते दारच. पोरं व्हरांड्यात घुटमळत आणि परत फिरत. चपला वाजू न देता चालणं मला ऐकू यायचं. मी स्वतः तसा चाललो होतो.

ती पोरं शेवटी कुठे गेली? माझ्याकडेच आली. पुढे मी नोकरी सोडून स्वतःचा क्लास काढला. दोनशेची बॅच, हातात माइक. तास संपला की मी व्यासपीठामागच्या दाराने निघून जातो. अडलेल्यांनी शंका चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायची असते.

निवृत्तीनंतर सर नांदेडला, विष्णुपुरीजवळ मुलीकडे राहायला गेले. खूप वर्षांनी मी तिथे गेलो. दृष्टी अधू झाली होती, आवाजावरून त्यांनी ओळखलं. क्लासची चौकशी केली. मग म्हणाले, "पोरं भेटतात का रे, तासाबाहेर?"

"वेळ कुठं मिळतो, सर."

सरांनी माझ्या आवाजाकडे तोंड वळवलं. "तू एवढ्या लांब आलास. कुठं अडलं?"

सगळं जिभेवर होतं. मी म्हणालो, "काही नाही सर. सहज आलो होतो."

त्यांनी मान हलवली आणि मुलीला चहा ठेवायला सांगितलं. त्यानंतर पाच महिन्यांनी तिचाच फोन आला, सर गेल्याचा.

म्हणून आता इथे लिहितो. पोतं ज्वारीचं होतं. सरांनी त्यातला दाणाही घरी नेला नाही. मीच ते स्कूटरवरून नेलं, मेसच्या दारात ठेवलं आणि परत फिरलो.

इथपर्यंत मी बरोबर होतो.