यादीतला तिसरा फोन

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या बाईंना सगळे टायपिस्टबाई म्हणतात. वय चौपन्न, चष्मा कायम कपाळावर, आणि बोलण्याची ढब अशी की समोरच्याला वाटावं, आपलंच काहीतरी चुकलं. वकिलाच्या कचेरीत त्यांनी सव्वीस वर्षं टायपिंग केलं. मग ती नोकरी सोडून घरी बसल्या आणि एका हॉस्पिटलचं काम घेतलं. डॉक्टर लोक पेशंट तपासला की यंत्रात बोलून ठेवतात. ते बोलणं इंटरनेटवरून बाईंकडे येतं. त्या हेडफोन लावून ऐकतात, रिपोर्ट टाईप करतात आणि परत पाठवतात. सगळं दोन तासांच्या आत. उशीर झाला की कुणी रागावत नाही, बोलत नाही, फाईल दुसऱ्याकडे वळवतात.

घरी बसायचं कारण म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. बाई त्यांना दादा म्हणत, म्हणून आम्हीही दादाच म्हणायचो. टेलिफोन खात्यात लाईनमन होते. एकतीस वर्षं खांबांवर चढउतर केली. "वर चढलं की साहेबाचासुद्धा आवाज ऐकू येत नाही," असं सांगून स्वतःच हसायचे. आईवडील लवकर गेले तेव्हा बाई नऊ वर्षांच्या आणि दादा वीस वर्षांचे. त्यांनीच बहिणीला वाढवलं, टायपिंगच्या क्लासला घातलं. तिला ते 'बारके' अशी हाक मारत, अगदी तिच्या पन्नाशीपर्यंत. दादांची बायको मूलबाळ न होताच गेली. बाईंचं लग्न दोनदा जमत आलं आणि राहून गेलं. का राहून गेलं ते त्या सांगत नाहीत आणि मी विचारलेलं नाही.

पाच वर्षांपूर्वी दादांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि जीभ जड झाली. बोलले तरी कळेना. डोकं मात्र शाबूत होतं. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं, आणि हेच जास्त वाईट होतं.

पहिल्या महिन्यात बाईंनी पाटी आणली. दादांनी डाव्या हातानं वेडीवाकडी अक्षरं काढून 'पाणी' लिहिलं. बाईंच्या डोळ्यांना धार लागली. तिसऱ्या दिवशी दादांनी ती पाटी भिंतीवर भिरकावली. त्यानंतर लिहिणं बंद. हवं असेल तर 'हां', नको असेल तर भिंतीकडे तोंड. बाईंनी उचलायचं, कुशीवर वळवायचं, भरवायचं. सकाळी दोन तास एक पन्नाशीचा माणूस येई. त्याला सगळे मामा म्हणत. तो दादांना अंघोळ घाली, दाढी करी, चादर बदली. बाकीचे बावीस तास बाईंचे.

गेल्या वर्षी बाईंचं नेट दुपारी रांगायला लागलं. हॉस्पिटलची फाईल उतरायला पंधरा-पंधरा मिनिटं लागत. कोपऱ्यावरच्या मोबाईलच्या दुकानवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "कुणीतरी फुकटात घुसलंय, बाई. राउटरच्या सेटिंगमध्ये जा. कोण कोण जोडलंय त्याची यादी दिसेल. ओळखीचं नसेल त्याला हाकला." कसं जायचं ते त्यानं चिठ्ठीवर लिहून दिलं.

मंगळवारी दुपारी दोन वाजता बाईंनी चिठ्ठी समोर ठेवून ते पान उघडलं. यादीत तीन गोष्टी होत्या. एक त्यांचा लॅपटॉप, दुसरा त्यांचा मोबाईल. तिसऱ्यापुढे नाव नव्हतं, नुसती अक्षरं आणि आकडे. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भिंतीपलीकडे एक निवृत्त मास्तर राहत. त्यांचा मुलगा, सून, सगळे दिवसभर फोनला चिकटलेले. दुसरं कोण असणार?

त्यांनी तो तिसरा आकडा खालच्या चौकटीत टाकला. चौकटीखाली दोन पर्याय होते. ते त्यांनी नीट वाचले नाहीत. पहिल्यावर बोट ठेवलं आणि सेव्ह केलं. दुसऱ्या क्षणी लॅपटॉपचं नेट गेलं. मोबाईलचंही गेलं. ते सेटिंगचं पानसुद्धा उघडेना.

तीन रिपोर्ट चारच्या आत द्यायचे होते. राउटर बंद करून चालू केला, काही नाही. कंपनीला फोन लावला. अमुक दाबा, तमुक दाबा करत वीस मिनिटांनी एक मुलगी बोलली. ती म्हणाली, "मागच्या भोकात पिन घालून रीसेट करू शकता, पण मग कनेक्शनचा आयडी-पासवर्ड पुन्हा भरावा लागेल. आहे ना तुमच्याकडे?"

कनेक्शन दादांच्या नावावर होतं. झटक्याच्या आधी त्यांनीच ते घेतलं होतं. कागद कुठे असतील याचा बाईंना पत्ता नव्हता.

"मग माणूस शुक्रवारी येईल," ती मुलगी म्हणाली.

तळमजल्यावर मोबाईलवर बोलता येई, पण त्याचं नेट चालत नसे. बाई लॅपटॉप घेऊन जिन्यात दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसल्या. मी तिथेच त्यांना पाहिलं. मांडीवर लॅपटॉप, पायरीवर फोन. एक रिपोर्ट कसाबसा गेला, दोन राहिले. मधेच खालून दादांचा आवाज आला तशा त्या सगळं तिथंच टाकून धावल्या.

संध्याकाळी त्या पुन्हा दुकानवाल्याकडे गेल्या. त्यानं सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "अहो, दोन पर्याय असतात. फक्त यादीतल्यांनाच आत घ्या, किंवा यादीतल्यांना बंद करा. तुम्ही पहिलाच दाबलात. आता ज्याला हाकलायचं होतं तो एकटाच आत आहे आणि तुम्ही बाहेर. तो फोन मिळवा. त्यावरूनच सेटिंग उघडेल."

बाई तडक मास्तरांच्या दारात उभ्या राहिल्या.

"तुमच्या घरातलं कुणीतरी माझं वायफाय वापरतंय. तो फोन दोन मिनिटं द्या. मी काही बोलणार नाही."

"काही बोलणार नाही?" मास्तर म्हणाले. "दारात येऊन चोर म्हणताय आणि वर काही बोलणार नाही?"

त्यांनी घरातले चारही फोन आणून बाईंच्या हातात ठेवले. जिन्यातल्या दिव्याखाली बाईंनी एकेक उघडून पाहिला. बाईंचं वायफाय एकातही जोडलेलं नव्हतं. आतून मास्तरांची सून म्हणाली, "आधी आपल्या घरात बघायचं असतं." बाई परत आल्या.

बुधवारी सकाळी मामा आला तेव्हा बाई त्याच्यापाशी हेच सगळं बोलत होत्या. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की मामाच्या हातातला साबण तसाच राहिलाय आणि तो दादांकडे बघतोय. दादा छताकडे बघत होते.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

मामा म्हणाला, "दादा, सांगू का?"

दादांनी डावा हात उशीखाली घातला आणि फोन काढून पोटावर ठेवला. त्यांचाच जुना फोन. कपाटात कुठेतरी मरून पडला असेल अशी बाईंची समजूत होती. आठ महिन्यांपूर्वी दादांनी खुणेनं तो मागितला होता. मामानं शोधून दिला, आणि रोज सकाळी अंघोळ होईपर्यंत चार्जिंगला लावत होता. वायफाय त्यात आधीपासूनच होतं.

"तुम्ही मला सांगितलं नाहीत," बाई मामाला म्हणाल्या.

"त्यांनी हात धरला होता माझा. सोडेचनात."

बाईंनी फोन उचलला. साडेनऊला नव्या फाईली यायच्या होत्या, तेव्हा आधी काम, बाकीचं मागाहून, असं त्यांनी मनाशी ठरवलं. सेटिंगचं पान उघडलं. खरंच उघडलं. त्या यादी शोधत होत्या तेवढ्यात वरून एक निरोप खाली उतरला. 'आपला अर्ज मंजूर झाला आहे. एक खाट रिकामी होत आहे. बहिणीशी बोललात का?'

बाई खाटेच्या कडेला बसल्या आणि मागे मागे जात वाचत राहिल्या. अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणारी गावाबाहेरची एक संस्था होती. तिथल्या व्यवस्थापिकेला दादा आठ महिने लिहीत होते. पहिलं पत्र बाईंना अजून पाठ आहे.

'मी चौसष्ट वर्षांचा आहे. उजवं अंग चालत नाही. बोललेलं कळत नाही. गिळता येतं. मी चिडतो, ते आधीच सांगतो. बहीण मला उचलते. तिची पाठ गेली आहे, ती सांगत नाही पण उठताना भिंत धरते. ती मला कधीच पाठवणार नाही. तिला न कळवता अर्ज करता येतो का?'

त्यापुढे पानंच्या पानं होती. आपण काय खातो, किती वेळा कुशीवर वळवावं लागतं, जखम कुठे झाली होती, ती कशी भरली. त्या व्यवस्थापिकेची मुलगी आजारी होती तर तिची चौकशी. खांबावरून पडता पडता वाचल्याचा एक किस्सा, तोही रंगवून सांगितलेला. चार वर्षांत सख्ख्या बहिणीसाठी एक ओळ नव्हती.

"अनोळखी बाईला एवढं लिहिता येतं?" बाईंचा आवाज चढला. "मी पाटी आणली होती. ती फोडलीस. चार वर्षं मी अंदाजानं जगतेय. दुखतंय का, भूक आहे का, सगळा अंदाज. आणि हिला किस्से सांगतोस?"

मामा बाथरूममध्ये जाऊन उभा राहिला.

दादांनी फोनसाठी हात पुढे केला. बाईंनी आपटल्यासारखा तो दिला. डाव्या अंगठ्यानं ते लिहीत होते. बराच वेळ लागला. मग त्यांनी फोन बहिणीकडे वळवला.

'पाटीवर लिहिताना तू माझ्या हाताकडे बघत बसायचीस.'

दादांनी पुन्हा लिहिलं.

'तुला लिहिलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. तू नाही म्हटल्यावर मी राहिलो असतो.'

"मग रहा ना," बाई म्हणाल्या.

दादांनी मान हलवली. "नको," ते तोंडानं म्हणाले. तेवढं स्पष्ट कळलं.

सेटिंगचं पान अजून उघडंच होतं. बाई भलत्याच ठिकाणी दाबणार होत्या. दादांनी त्यांच्या हातावर चापट मारली, फोन स्वतःकडे ओढला आणि यादी काढली. पहिल्या पर्यायावरची खूण काढून अडवणंच बंद केलं, आणि सेव्ह केलं. मग पासवर्ड बदलून नवा पासवर्ड बहिणीला दाखवला, तिनं लिहून घेईपर्यंत थांबले. लाईनमन माणूस, काम अर्धवट सोडायची सवय नव्हती.

बाहेरच्या खोलीत लॅपटॉप सुरू झाला. हॉस्पिटलच्या फाईली कधीच दुसऱ्याकडे गेल्या होत्या. आदल्या दिवशीच्या दोन रिपोर्टांबद्दल एका ओळीचा खुलासा मागितला होता. बाईंनी 'तांत्रिक अडचण' असं लिहून पाठवलं.

नेट नंतरही दुपारी रांगतच राहिलं. ती तक्रार कंपनीच्या तारेचीच होती. बाई मास्तरांच्या घरी माफी मागायला गेल्या. मास्तरांनी "ठीक आहे" म्हटलं आणि दार लावून घेतलं. आजही ते जिन्यात भेटले की कडेनं निघून जातात.

आठवडाभर बाईंनी दादांशी भांडण केलं. म्हणजे त्या बोलत आणि दादा लिहीत. मी वरून ऐकत होते. चार वर्षांत त्या घरातून इतका आवाज कधी आला नव्हता. शेवटी बाईंनी हो म्हटलं आणि सोमवारी संस्थेची गाडी आली. मामानं आणि ड्रायव्हरनं दादांना खुर्चीतून उचललं. आम्ही दोघी-तिघी फाटकाशी उभ्या होतो. दादांनी आमच्याकडे बघितलं नाही. लोकांनी असं बघावं हे त्यांना आवडलं नसणार.

बाई दर गुरुवारी आणि रविवारी जात. मधल्या दिवसांत दादांचे निरोप येत, बहुतेक तक्रारीचे. डाळ पातळ आहे. शेजारचा घोरतो. नवी नर्स चांगली आहे. एकदाच त्यांनी लिहिलं, 'पाठ दाखवलीस का?' बाईंनी दाखवली नव्हती, पण दाखवली म्हणून कळवलं.

पाचव्या महिन्यात दादांना न्यूमोनिया झाला आणि तीन दिवसांत ते गेले. बुधवार होता. बाई पोचेपर्यंत खाटेवर नवी चादर घातली होती.

"मी नाही म्हटलं असतं तर तो राहिला असता," त्या मला म्हणाल्या. मी म्हटलं, "किती दिवस?" त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

आता बाईंनी कामाचं टेबल आतल्या, दादांच्या खोलीत हलवलंय. त्या खोलीची खिडकी पूर्वेला आहे. सकाळचं ऊन सरळ स्क्रीनवर येतं आणि दहा वाजेपर्यंत अक्षर दिसत नाही. पडदा लावून घ्या, असं मी दोनदा सांगितलं. त्या हो म्हणतात. पण अजून पडदा आणलेला नाही. दहा वाजेपर्यंत त्या नुसत्याच बसून असतात.