गाळ्यातला कोरियन आणि आमचा डबा

नांद्यातला आमचा रस्त्याकडचा गाळा एका कोरियन माणसाने भाड्याने घेतला, तेव्हा आमच्या घरात बोलायला दुसरा विषयच उरला नाही. हिंजवडीत कामाला आलेल्या त्याच्या देशातल्या लोकांसाठी त्याला खानावळ काढायची होती. आमच्याकडची पोरं परदेशात जायला धडपडतात आणि हा बाबा उलटा इकडे येऊन धंदा टाकतोय, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. सासूबाईंना तर संशयच. "आपला मुलूख सोडून हितं कशाला आलाय? कायतरी भानगड करून आला आसंल."

तरी खानावळ उघडली त्या दिवशी त्यांनीच त्याच्याकडे डबाभर अळूवड्या पाठवल्या. दुसऱ्या दिवशी तो डबा परत द्यायला आला. मी झाकण उघडलं, तर आत लालभडक, आंबट वासाचा कोबी. आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत, पण हे ह्याला कोणी सांगितलं? मला राहवेना. मी हिंदीत विचारलंच.

"माँ सिखाया," तो म्हणाला. त्यांच्याकडेही तसंच असतं म्हणे. आई तिकडे गावी एकटीच असते, असंही त्याने सांगितलं.

मी ते सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्यांनी कोबीचा तुकडा तोंडात टाकला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "व्हय? मग आता तिच्याकडं डबा कोण धाडतं?"

त्या काय म्हणाल्या ते ऐकायला तो माझ्याकडे बघत होता.

"कोबी आवडला म्हणतायत," मी त्याला हिंदीत सांगितलं.